पाणचक्कीपासून मोटारीपर्यंत

सुताराच्या हातातील करवत, स्वयंपाकघरातील मिरी दळण्याचे यंत्र, सायकल आणि मोटार या चार वस्तूंमध्ये वरवर पाहता काहीच साम्य दिसत नाही. परंतु फ्रान्समध्ये या चारही वस्तूंवर एकच नाव आणि सिंहाची एकच मुद्रा उमटलेली आढळते. ते नाव म्हणजे ‘प्यूजो’. मोटारी बनवणाऱ्या जगातील अत्यंत जुन्या उद्योगांमध्ये प्यूजोची गणना होते. एवढेच नव्हे, तर मोटारीचा शोध लागण्याच्या पाऊणशे वर्षे आधीपासून हे घराणे कारखानदारीत होते. एखादा उद्योग दोन शतके टिकतो, तेव्हा त्यातील नेमके काय टिकते? वस्तू, पैसा, नाव की आणखी काही? प्यूजोच्या इतिहासातून या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

पिठाऐवजी पोलाद

फ्रान्सच्या पूर्व भागात, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत मोंबेलियार नावाचे गाव आहे. या परिसरात प्यूजो घराण्याची धान्य दळण्याची पाणचक्की होती. १८१० मध्ये झाँ-पियेर आणि झाँ-फ्रेदेरिक या दोघा भावांनी या चक्कीचे रूपांतर पोलादाच्या कारखान्यात केले. वाहत्या पाण्याचे जे बळ आजवर जात्याचे दगड फिरवत होते, ते आता पोलाद घडवण्याच्या कामी आले. करवतीची पाती आणि घड्याळांच्या स्प्रिंगा ही या कारखान्याची सुरुवातीची उत्पादने होती.

पोलादाच्या कामात एक मोठी अडचण असते. पोलाद फार कठीण केले तर ते ठिसूळ होऊन तुटते आणि फार मऊ ठेवले तर त्याची धार टिकत नाही. करवतीच्या पात्याला मात्र दोन्ही गुण लागतात. त्याचे दात कठीण हवेत आणि पाठ लवचीक हवी. हा समतोल साधण्याचे कौशल्य प्यूजोच्या कारागिरांनी आत्मसात केले. हेच कौशल्य पुढील दोन शतकांचे खरे भांडवल ठरले.

आपले पाते ग्राहकाला ओळखता यावे म्हणून एका चिन्हाची आवश्यकता भासू लागली. मोंबेलियार येथील सोनार व कोरीवकाम करणारे कारागीर जुस्तँ ब्लाझेर यांनी बाणावरून चालणाऱ्या सिंहाचे चित्र तयार केले. १८५८ मध्ये या चिन्हाची अधिकृत नोंदणी झाली. सिंहाच्या दातांसारखे मजबूत दात, त्याच्या पाठीसारखी लवचीकता आणि बाणासारखा कापण्याचा वेग असे पात्याचे तीन गुण या चित्रातून सूचित होत. आज मोटारीच्या दर्शनी भागावर दिसणारा सिंह मुळात असा करवतीवरचा सिंह आहे.

एका कौशल्याची अनेक रूपे

१८४० च्या सुमारास प्यूजोने कॉफी दळण्याचे छोटे यंत्र बाजारात आणले. १८७४ मध्ये मिरी दळण्याचे यंत्र आले. या यंत्रातील पोलादी दात्यांची रचना विचारपूर्वक केलेली होती. वरचे मोठे दाते दाणा पकडून फोडत आणि खालचे बारीक दाते त्याची पूड करत. याच काळात घेरदार झग्यांना आतून आधार देणारी पोलादी कडी आणि छत्रीच्या काड्याही या कारखान्यांत बनू लागल्या. १८८२ मध्ये पुढचे चाक खूप मोठे असलेली सायकल तयार झाली.

वस्तू बदलत गेल्या, पण प्रत्येक नवी वस्तू आधीच्या वस्तूंच्या अनुभवातून उभी राहिली. पोलादाची पट्टी वाकवणे, तार ओढणे, स्प्रिंगेला योग्य ताण देणे ही कामे ज्यांना येत होती, त्यांना सायकलचे चाक घडवणे अवघड गेले नाही. सायकल बनवणाऱ्यांना पुढे मोटारीचा सांगाडाही परका वाटला नाही.

आर्मां प्यूजो यांचा निर्णय

मोटारीकडे वळण्याची दृष्टी दाखवली ती आर्मां प्यूजो यांनी. १८४९ मध्ये जन्मलेल्या आर्मां यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. इंग्लंडमधील लीड्स या औद्योगिक शहरातही ते काही काळ राहिले होते. १८८९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात प्यूजोने वाफेवर चालणारी तीन चाकांची गाडी मांडली. आयफेल मनोरा ज्या प्रदर्शनासाठी उभारला गेला, तेच हे प्रदर्शन. परंतु वाफेच्या गाडीत पाणी तापवण्याचा बंब आणि पाण्याचा साठा सतत बाळगावा लागे. पेट्रोलचे इंजिन त्या मानाने हलके होते. आर्मां यांनी वाफेचा नाद सोडला आणि जर्मनीतील डाइमलर यांच्या रचनेचे इंजिन स्वीकारले.

लोकांचा या नव्या वाहनावर विश्वास बसणे सोपे नव्हते. त्यासाठी १८९१ मध्ये प्यूजोने एक धाडसी प्रयोग केला. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सायकलींची शर्यत होणार होती. प्यूजोची एक मोटार कारखान्यापासून निघाली, शर्यतीच्या मार्गाने गेली आणि स्वतःच्या बळावर परत आली. सुमारे दोन हजार किलोमीटरच्या या प्रवासामुळे गावोगावच्या लोकांनी घोड्याविना धावणारी गाडी प्रत्यक्ष पाहिली.

घरात मात्र मतभेद होते. आर्मां यांचे चुलतभाऊ आणि भागीदार यूजेन यांना मोटारीच्या धंद्यात इतके भांडवल गुंतवणे धोक्याचे वाटत होते. सायकली आणि अवजारांचा धंदा उत्तम चालला होता. नव्या, खर्चिक आणि अनिश्चित वाहनासाठी तो पणाला का लावावा, हा त्यांचा प्रश्न अवाजवी नव्हता. अखेर १८९६ मध्ये आर्मां वेगळे झाले आणि त्यांनी केवळ मोटारींसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. पुढे दुसऱ्या शाखेनेही मोटारी बनवण्यास आरंभ केला आणि १९१० मध्ये दोन्ही शाखा पुन्हा एकत्र आल्या. १९१५ मध्ये आर्मां यांचे निधन झाले, तेव्हा मोटार हाच घराण्याचा मुख्य उद्योग होण्याच्या मार्गावर होता.

१९१२ मध्ये सोशो येथे नव्या कारखान्याची उभारणी झाली. त्याच वर्षी प्यूजोने शर्यतीच्या मोटारीसाठी एक नवे इंजिन तयार केले. इंजिनात हवा व इंधन आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला चार झडपा होत्या आणि त्यांची उघडझाप करणारे दोन दांडे वरच्या बाजूस बसवले होते. त्यामुळे इंजिनाचा श्वासोच्छ्वास मोकळा झाला आणि वेग वाढला. १९१३ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत झूल गू यांनी प्यूजो मोटारीतूनच जिंकली. आजच्या असंख्य मोटारींच्या इंजिनांत झडपांची अशीच रचना आढळते.

युद्धातील कसोटी

१९२९ मध्ये आलेल्या ‘२०१’ या मोटारीपासून प्यूजोने नावाऐवजी मध्ये शून्य असलेला तीन अंकी क्रमांक देण्याची प्रथा सुरू केली. ही प्रथा कंपनीने इतकी जपली की, तिच्या हरकतीमुळे जर्मनीच्या पॉर्श कंपनीला १९६४ मध्ये आपल्या ‘९०१’ या मोटारीचे नाव ‘९११’ असे बदलावे लागले.

परंतु या घराण्याची आणि त्याच्या कामगारांची खरी परीक्षा झाली ती दुसऱ्या महायुद्धात. फ्रान्सवर जर्मनीचा ताबा होता आणि सोशोच्या कारखान्यातून जर्मन सैन्यासाठी सक्तीने उत्पादन घेतले जात होते. जुलै १९४३ मध्ये इंग्लंडच्या विमानांनी या कारखान्यावर रात्री बॉम्बहल्ला केला. नेम चुकला. कारखान्याची हानी थोडीच झाली, पण आसपासच्या वस्तीतील शंभराहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले.

असा हल्ला पुन्हा होण्याची भीती होती. तेव्हा इंग्लंडच्या गुप्त संघटनेचे हस्तक हॅरी रे यांनी घराण्यातील रोदोल्फ प्यूजो यांच्यापुढे वेगळाच मार्ग मांडला. कारखान्यातील महत्त्वाची यंत्रे आतूनच निकामी केली, तर बॉम्ब टाकण्याची गरज उरणार नाही. आपल्याच मालकीची यंत्रे उद्ध्वस्त करण्यास मालकाने साहाय्य करावे, अशी ही विलक्षण मागणी होती. रोदोल्फ यांनी ती मान्य केली. नोव्हेंबर १९४३ मध्ये कामगारांनी जर्मन पहारा चुकवून स्फोटके पेरली आणि यंत्रे निकामी केली. यात पकडले जाण्याची शिक्षा काय असते, हे त्यांना ठाऊक होते. सोशोच्या कारखान्यातील अनेकांना युद्धकाळात अटक व हद्दपारी भोगावी लागली. ज्या यंत्रांवर पोट अवलंबून होते, ती माणसांसाठी मोडली गेली.

चढउतार आणि भारताशी संबंध

युद्धानंतर ‘२०३’, ‘४०३’, ‘४०४’ अशा मजबूत मोटारींनी कंपनी पुन्हा उभी राहिली. १९६८ मध्ये आलेली ‘५०४’ आफ्रिकेच्या खडबडीत रस्त्यांवर विशेष लोकप्रिय झाली. नायजेरियातील कडुना येथे प्यूजो मोटारींची जुळणी होऊ लागली. मात्र त्याच १९६८ च्या जून महिन्यात सोशो येथे संपावरील कामगार आणि पोलीस यांच्यात झालेल्या संघर्षात दोन कामगारांचा मृत्यू झाला. कारखान्याचा वारसा सांगताना त्यांचे स्मरणही आवश्यक ठरते.

१९७६ मध्ये प्यूजो आणि सित्रोएन या दोन फ्रेंच कंपन्या एका समूहात आल्या. १९७८ मध्ये समूहाने क्रायस्लरचे युरोपातील कारखाने विकत घेतले आणि लवकरच तो मोठ्या तोट्यात गेला. १९८३ मध्ये आलेल्या ‘२०५’ या छोट्या मोटारीने त्याला सावरले. या मोटारीच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती तयार झाल्या. २०१४ मध्ये पुन्हा संकट आले, तेव्हा फ्रान्सचे सरकार आणि चीनची डाँगफेंग कंपनी यांनी भांडवल पुरवले. त्यामुळे घराण्याचा समूहावरील एकहाती ताबा संपला. २०२१ मध्ये फियाट-क्रायस्लरशी विलीनीकरण होऊन ‘स्टेलांटिस’ हा मोठा समूह निर्माण झाला आणि प्यूजो हे त्यातील एक नाव ठरले.

भारताशीही प्यूजोचा संबंध आला आहे. १९७९ मध्ये महिंद्र कंपनीने प्यूजोचे डिझेल इंजिन बनवण्याचा परवाना घेतला. १९९० च्या दशकात प्रीमियर कंपनीच्या सहकार्याने ‘३०९’ ही मोटार मुंबईजवळच्या कल्याण येथे तयार होत होती. हा उपक्रम दशक संपण्यापूर्वीच बंद पडला. २०१७ मध्ये तर भारतीयांच्या जिव्हाळ्याचे ‘ॲम्बॅसडर’ हे नावच प्यूजो समूहाने ८० कोटी रुपयांना विकत घेतले.

वारसा म्हणजे काय?

सोशो येथे १९८८ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात जुन्या मोटारींबरोबर करवती, दळण्याची यंत्रे आणि सायकलीही मांडलेल्या आहेत. ही मांडणी अर्थपूर्ण आहे. प्यूजोच्या इतिहासात कोणतीही एक वस्तू कायमची राहिली नाही. मालकी विभागली, परत जुळली आणि अखेर घराण्याच्या एकट्याच्या हाती उरली नाही. टिकले ते हातातील कौशल्य आणि ते नव्या कामाला लावण्याची तयारी. करवतीला दात घालणाऱ्या कारागिराने आपण केवळ करवतवाले आहोत असे मानले असते, तर त्याच्या नातवंडांच्या हातून मोटार घडली नसती. अंगी असलेली कला नव्या गरजेसाठी वापरायला शिकणे हाच या दोनशे वर्षांच्या वारशाचा गाभा आहे. तो कारखान्याच्या मालकाइतकाच तेथे राबणाऱ्या प्रत्येक हाताचाही आहे.