सातपुड्यातील कॉफी : चिखलदऱ्याचा अनुभव आणि मोलगी परिसर

प्रस्तावना :
महाराष्ट्रात कॉफी पिकते असे सांगितले असता अनेकांना आश्चर्य वाटते. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे सुमारे ११०० मीटर उंचीवर कॉफीची झाडे ब्रिटिश काळापासून आहेत. चिखलदरा ज्या गाविलगड डोंगररांगेत वसले आहे, ती सातपुड्याचीच एक शाखा होय. याच सातपुड्याच्या पश्चिम भागात, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात मोलगी आहे. एकाच पर्वताच्या एका अंगास जे पीक रुजले ते दुसऱ्या अंगास का रुजू नये, हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविक ठरतो. त्याचे उत्तर मात्र केवळ उंचीच्या आकड्यात सापडत नाही.

पूर्वपीठिका :
कॉफीचे मूळ स्थान इथिओपिया. पेय म्हणून तिचा प्रसार येमेनमधून झाला. सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी साधूने मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. जुन्या मराठीत या बियांस ‘बुंद’ म्हणत. अरबी ‘बुन’ या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. व्यापारी मळे एकोणिसाव्या शतकात दक्षिणेत वाढले. १८६९ मध्ये सिलोनमध्ये आढळलेल्या तांबेरा रोगाने तेथील कॉफी पुढे जवळजवळ नामशेष केली आणि तिची जागा चहाने घेतली. एकाच पिकावर विसंबण्याचा धोका यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल. भारतात १९२५ साली बाळेहोन्नूर येथे संशोधन केंद्र सुरू झाले, तर १९४२ च्या कायद्याने कॉफी मंडळास वैधानिक आधार मिळाला.

पिकाची गरज :
अरेबिका जातीस साधारणतः १००० ते १५०० मीटर उंची व १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. रोबस्टा ५०० ते १००० मीटरवर, अधिक उष्ण हवेत वाढते. दोन्ही पिके सावलीत घेतली जातात. दक्षिणेतील मळ्यांत पांगारा व सिल्व्हर ओक यांची सावली असते आणि त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल चढविलेले असतात. लागवडीनंतर पहिले फळ मिळण्यास तीन ते चार वर्षे लागतात.

उंचीचा विचार केल्यास तोरणमाळचे पठार हजार मीटरहून अधिक उंच आहे. मोलगी-धडगाव भागातील बहुतेक पाडे त्याहून बरेच खाली आहेत. परंतु खरी अडचण पावसाच्या वेळेची आहे. कॉफीच्या कळ्या कोरड्या हवेत सुप्तावस्थेत राहतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलमधील एका चांगल्या सरीनंतर सुमारे आठ-दहा दिवसांत एकदम उमलतात. या ‘फुलोऱ्याच्या सरी’ कर्नाटक व केरळच्या डोंगरांत बहुधा येतात. सातपुड्यात पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकवटतो व त्यानंतर ज्येष्ठापर्यंत डोंगर तापत राहतो. म्हणजे ती सर सिंचनाने द्यावी लागेल; आणि ज्या पाड्यांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी झिऱ्यावर जावे लागते, तेथे हे पाणी कोठून आणावयाचे? चिखलदऱ्यातही कॉफी टिकली, पण तिचे क्षेत्र मर्यादितच राहिले.

आदिवासी भागासाठी आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्याचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथील आदिवासी शेतकऱ्यांच्या अरेबिका कॉफीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही निश्चितच गौरवाची बाब आहे. तथापि त्या यशामागे वनविभाग, कॉफी मंडळ व गिरिजन सहकारी संस्था यांचे अनेक दशकांचे काम आहे. शिवाय पूर्व घाटात परतीच्या व वळवाच्या पावसाचा लाभ मिळतो. अराकूचा केवळ रोपांचा भाग उचलून पाणी आणि खरेदीव्यवस्था मागे ठेवणे, हे अनुकरण अपुरेच ठरणार.

मोलगीची स्थिती :
येथील भिल्ल व पावरा कुटुंबांकडे झाडांवर आधारलेली अर्थव्यवस्था आधीच आहे. चैत्र-वैशाखात कैऱ्या उतरवून, सोलून, त्यांच्या फोडी खडकांवर वाळवून केलेला आमचूर मोलगीच्या बाजारात येतो. मोहफुले व चारोळीही घरखर्चास हातभार लावतात. आंब्यास फुलोऱ्याची सर लागत नाही. उलट मोहोराच्या वेळी पाऊस आल्यास नुकसानच होते. हवामानाने कोणते झाड निवडले आहे, हे यावरून दिसते. आमचुराची उणीव उत्पादनात नसून वाळवण, प्रतवारी, साठवण आणि भाव यांत आहे. ओल्या फोडी काळ्या पडल्या की दर उतरतो, आणि साठविण्याची सोय नसलेल्या कुटुंबास हंगामातच माल द्यावा लागतो.

यास्तव प्रयोग करावयाचाच झाल्यास तो तोरणमाळसारख्या उंच, बारमाही पाणी असलेल्या जागी, आंब्याच्या सावलीत आणि थोड्या झाडांपुरता करणे योग्य होईल. त्यातही जमिनीच्या हक्काचा प्रश्न सुटलेला असावा लागेल. चार वर्षे फळाची वाट पाहणारे पीक तोच शेतकरी लावील, ज्याच्या हाती २००६ च्या वनहक्क कायद्याखालील पट्टा आहे आणि ज्याला दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जावे लागत नाही. कारण अरेबिकाची तोडणी नेमकी नोव्हेंबर ते जानेवारी या काळातच येते.