कुशावर्ताचे देणे

आपल्या तीर्थयात्रांचा आरंभ बहुधा पाण्याने होतो. केदारनाथची चढण चढण्यापूर्वी यात्रेकरू गौरीकुंडाच्या उष्ण झऱ्यात स्नान करीत. २०१३ च्या जूनमधील महापुराने त्या कुंडाची वाताहत केली. त्र्यंबकेश्वरी हेच स्थान कुशावर्ताला आहे. त्याचे पाणी थंड. पण ब्रह्मगिरीच्या फेरीला निघणारा भाविक प्रथम तेथेच स्नान करतो. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी तर या फेरीला लोकांचा पूर लोटतो.

ब्रह्मगिरीवर अवतरलेली गोदावरी पुनःपुन्हा लुप्त होऊ लागली, तेव्हा गौतम ऋषींनी कुशांनी तिला येथे अडविले, अशी कथा आहे. ती भूगोलाशी विसंगत नाही. पावसाचे पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून डोंगरात मुरते आणि खाली झऱ्यांच्या रूपाने प्रकट होते. सुमारे १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या नदीचे मूळ भांडवल ते हेच.

या भांडवलावर पुरोहित, दुकानदार, लॉजचालक व वाहनचालक यांचा चरितार्थ चालतो. त्यात गैर काही नाही. परंतु कारखानदार यंत्राच्या घसाऱ्यासाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढतो. डोंगराचा घसारा कोणाच्या जमाखर्चात मांडलेला आहे? पायथ्याशी चाललेल्या उत्खननाविरुद्ध २०२१ साली स्थानिकांनाच आवाज उठवावा लागला. एवढा पाऊस पडणाऱ्या या तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात स्त्रिया हंडाभर पाण्यासाठी वणवण करतात. उगमाच्या सान्निध्यात राहणाऱ्यांनीच तहानलेले असावे, हा केवळ दैवदुर्विलास नव्हे. तो आपल्या नियोजनाचा ताळेबंद आहे.

सिंहस्थासाठी रस्ते व घाट हवेत, याविषयी दुमत नाही. २००३ साली नाशिकला झालेली चेंगराचेंगरी विसरता येणार नाही. तथापि घाट कितीही रुंद केले, तरी त्यांत उतरण्यासाठी पाणी डोंगरानेच पुरवावयाचे आहे. म्हणून सिंहस्थाच्या निधीतील व वाहनतळांच्या उत्पन्नातील निश्चित हिस्सा ब्रह्मगिरीसाठी राखून ठेवावा. उतारांवरील खोदकामास बंदी, स्थानिक वृक्षांची लागवड, सांडपाण्याचा बंदोबस्त आणि पाड्यांना प्रथम पाणी, एवढ्याच कामांवर तो खर्च व्हावा व त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा.

कुशावर्तात बुडी मारणारा भाविक पापक्षालनाची अपेक्षा करतो. त्या पाण्याचे देणे फेडणे, हेही त्याच धर्माचे अंग नव्हे काय?