चूक क्षम्य, लपवाछपवी अक्षम्य

‘आयएनएस विक्रांत’ ही स्वदेशी विमानवाहू नौका २०२२ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी ‘सेल’ने सुमारे ३० हजार टन विशेष पोलाद पुरवले आणि ते तयार करणाऱ्या कारखान्यांत बोकारो व राउरकेलाबरोबर भिलाईही होते. रेल्वेच्या रुळांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भिलाईचा संरक्षण सिद्धतेशी असा थेट संबंध आहे. अशा ठिकाणी संगणकाचा गैरवापर हा केवळ कार्यालयीन शिस्तीचा प्रश्न राहत नाही.

विश्वासार्हतेची परीक्षा सरकारी सेवेत दोनदा होते. नियुक्तीच्या वेळी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. पुढे बढती वा प्रतिनियुक्तीसाठी दक्षता विभागाची मंजुरी लागते. विभागीय आरोपपत्र बजावलेले असल्यास ही मंजुरी सर्वसाधारणपणे रोखली जाते. पोलिसांच्या नोंदीत कधीच न आलेला गैरप्रकार अशा रीतीने दक्षता विभागाच्या दप्तरातून आडवा येतो.

कायदाही हेतूला महत्त्व देतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार विनापरवानगी माहिती उतरवून घेणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे केले, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नागपूरचे उदाहरण बोलके आहे. ‘ब्रह्मोस’च्या एका अभियंत्याला २०१८ मध्ये अटक झाली आणि २०२४ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली. डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीच्या गंभीर आरोपांतून त्याची मुक्तता केली. मात्र गोपनीय माहितीची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल शासकीय गुपिते कायद्याखालील तीन वर्षांची शिक्षा कायम राहिली. माहिती खासगी संगणकात सापडणे किती महागात पडते, ते यातून दिसते.

चूक लपवल्यास काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात दिले. साक्षांकन नमुन्यातील माहिती खरी असलीच पाहिजे. क्षुल्लक गुन्हा दडवला असल्यास नियोक्ता तो माफ करू शकतो. विचारलेच नाही ते सांगितले नाही म्हणून उमेदवाराला दोषी धरता येत नाही. मात्र सर्व खरे सांगितले तरी नियुक्ती दिलीच पाहिजे, असे बंधन नियोक्त्यावर नाही.

खरी अडचण इथेच आहे. खरे सांगूनही दार बंद होण्याची धास्ती असेल, तर तरुण गप्प बसणेच पसंत करतो. विदर्भातून भिलाईत येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील पुढच्या पिढीलाही ही धास्ती चुकत नाही. म्हणूनच निष्काळजीपणा, नियमभंग आणि अप्रामाणिकपणा यांतील फरक सरकारने लेखी निकषांत स्पष्ट करायला हवा. प्रामाणिकपणाची अपेक्षा धरणाऱ्या व्यवस्थेने त्याची किंमत आधी सांगितली पाहिजे.