पाणी देणारी माणसं

नांदगाव पेठेतल्या पोरांना मी अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीचं सांगतो, तेव्हा ती बंदुकांचंच विचारतात. 1953 साली सुरू झालेला हा संरक्षण खात्याचा कारखाना. मला मात्र तिथली कानस आठवते.

अमरावतीच्या आयटीआयतून फिटर होऊन बडनेऱ्याला गाडीत बसलो. कारखान्याच्या टूलरूममधल्या उस्तादांनी पोलादाचा ठोकळा हातात दिला आणि सगळ्या बाजू गुण्यात आणायला सांगितल्या. सरफेस प्लेटला निळा रंग लावायचा, त्यावर ठोकळा घासायचा. रंग लागेल तो उंचवटा, तेवढाच कानसायचा. खांदे भरून यायचे.

खरी कसोटी हत्याराला पाणी देण्याची. छिन्नीचं टोक डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं की विझवायचं. मग ते इतकं कडक होतं, की पहिल्याच घावाला टवका उडावा. म्हणून घासून चकचकीत करून पुन्हा हळूहळू तापवायचं. सुमारे 230 अंशांना पिवळी झाक येते, मग तपकिरी, जांभळी आणि 300 च्या आसपास निळी. छिन्नी जांभळ्यावर विझवायची. पिवळ्यावर थांबलात तर ठिसूळ, निळ्यापुढं गेलात तर मऊ.

लेथच्या हायस्पीड स्टीलची गोष्ट वेगळी. त्यातल्या टंगस्टनमुळं 600 अंशांपर्यंत धार टिकते.

निवृत्त सोबत्यांचा फोन आला की पेन्शनचा विषय झाल्यावर बोलणं तापल्या पोलादाच्या रंगांवरच येतं. आमचा भट्टीवाला नुसत्या नजरेनं तापमान सांगायचा. त्याचं ते ज्ञान कुणी लिहून घेतलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.