रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताय? आधी ‘जनरेशन’ बघा, मग साइज

बारावीचा निकाल लागला, मुलीचं बीसीएला किंवा मुलाचं डिप्लोमाला ॲडमिशन झालं, की घरात लॅपटॉपचा विषय निघतोच. नवीन मशिनची किंमत ऐकून अब्बू गप्प होतात. हप्त्यावर घ्यायचं तर व्याज येतं, आणि आपल्या बऱ्याच घरांना ते नको असतं. मग कुणीतरी सांगतं, “रिफर्बिश्ड घ्या, अर्ध्या पैशात येतो.” सल्ला चुकीचा नाही. पण दुकानात गेल्यावर एकाच भावात तीन-चार मशिन समोर येतात. एक मोठा, एक छोटा, एक ‘आय-७’, एक ‘आय-५’. यातला कुठला उचलायचा, इथेच गडबड होते. साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार असतात आणि मशिन किमान तीन-चार वर्षं चालायला हवं. म्हणून निघण्याआधी खालच्या गोष्टी घरात सगळ्यांनी मिळून वाचाव्यात.

रिफर्बिश्ड म्हणजे नक्की काय?

मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप काही वर्षांनी बदलतात. ते जुने लॅपटॉप व्यापारी घाऊक विकत घेतात, साफ करतात, खराब भाग बदलतात, नवीन विंडोज टाकतात आणि वॉरंटी देऊन विकतात. हे झालं रिफर्बिश्ड. कुणाच्या घरातला जसाच्या तसा विकलेला लॅपटॉप म्हणजे नुसता सेकंड हँड.

या बाजारात तीन नावं जास्त दिसतात: लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड आणि एचपीचा एलिटबुक. हे ऑफिसच्या वापरासाठी बनवलेले असल्याने अंगाने मजबूत असतात. यांचे सुटे भागही मिळतात आणि खोलणारा कारागीरही सापडतो. स्वस्तातल्या घरगुती मॉडेलपेक्षा चांगल्या स्थितीतलं असं जुनं ऑफिस मशिन अनेकदा जास्त टिकतं.

‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ या शब्दांवर मात्र फार जाऊ नका. सगळ्या दुकानांना लागू होईल असं त्याचं एक माप नाही. बहुतेक वेळा ते बाहेरच्या ओरखड्यांबद्दल असतं, आतल्या तब्येतीबद्दल नाही.

जनरेशन कसं ओळखायचं?

इंटेलच्या प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारा. नुसतं ‘आय-५’ सांगून चालणार नाही. ‘आय-५ ६२००’ असेल तर पहिला आकडा ६, म्हणजे सहावी जनरेशन. ‘आय-५ ८२५०’ म्हणजे आठवी. ‘आय-५ १०२१०’ असेल तर पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे दहावी. ‘११३५’ म्हणजे अकरावी.

आठवी जनरेशन ही सीमारेषा समजा. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण विंडोजचं. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढची लागते. काही दुकानदार सहाव्या-सातव्या जनरेशनवरही विंडोज ११ टाकून देतात. ते चालताना दिसतं, पण अशा मशिनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशिनवरून बँकेचे व्यवहार आणि स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचे, तिथे ही जोखीम कशाला?

दुसरं कारण ताकदीचं. सातव्या जनरेशनपर्यंत या पातळ लॅपटॉपच्या आय-५ मध्ये, आणि नेहमीच्या आय-७ मध्येही, दोनच कोअर असायचे. आठव्या जनरेशनपासून चार झाले. म्हणजे ‘आय-७ ७५००’ दोन कोअरचा आणि ‘आय-५ ८२५०’ चार कोअरचा. दुकानदार “आय-सेव्हन आहे, घेऊन टाका” म्हणाला तरी जनरेशन विचारल्याशिवाय मान हलवू नका. नवीन जनरेशनचा आय-५ जुन्या आय-७ ला सहज मागे टाकतो.

मॉडेलच्या नावावरूनही अंदाज येतो. थिंकपॅड टी ४८०, लॅटिट्यूड ७४९० आणि एलिटबुक ८४० जी ५ ही साधारण २०१८ ची, आठव्या जनरेशनच्या काळातली मशिन. थिंकपॅड टी १४ चं पहिलं मॉडेल, लॅटिट्यूड ५४१० आणि एलिटबुक ८४० जी ७ ही दहाव्या जनरेशनची. पण २०१८ च्या काही मॉडेलमध्ये सातव्या जनरेशनचा प्रोसेसरही यायचा. म्हणून खात्री प्रोसेसरच्या नंबरानेच करायची.

साइज कुणाला कुठली?

या बाजारात मुख्यतः तीन साइज मिळतात.

१२.५ इंच: थिंकपॅड एक्स २८०, लॅटिट्यूड ७२९०. वजन साधारण सव्वा किलो. रोज लोकल किंवा एसटीने कॉलेजला जाणाऱ्यांना खांद्यावर जाणवत नाही. पण स्क्रीन छोटी असते, सलग चार तास कोडिंग किंवा टायपिंग करताना डोळे थकतात. शिवाय एक्स २८० ची रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ८ जीबीचा घेतला तर कायम ८ जीबीच राहणार.

१४ इंच: टी ४८०, ७४९०, ८४० जी ५. वजन साधारण दीड किलो. बहुतेक विद्यार्थ्यांसाठी हीच साइज योग्य. बॅगेत मावते आणि अभ्यासालाही पुरते. या तिन्ही मॉडेलमध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, म्हणजे आज ८ जीबी घेऊन पुढच्या वर्षी १६ करता येते. टी ४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, त्यातली मागची बाहेरूनच काढून बदलता येते.

१५.६ इंच: लॅटिट्यूड ५५९०, थिंकपॅड टी ५८०. वजन दोन किलोच्या आसपास. उजवीकडे आकड्यांचा वेगळा कीपॅड असतो, त्यामुळे टॅली करणाऱ्याला किंवा दुकानाचा हिशोब बघणाऱ्या चाचांना सोयीचा. लॅपटॉप टेबलावरच राहणार असेल तर हा घ्या. रोज उचलून न्यायचा असेल तर नको.

साइजसोबत स्क्रीनचं रिझोल्यूशनही विचारा. १९२० बाय १०८०, म्हणजे फुल एचडी, असायलाच हवं. जुन्या मशिनमध्ये १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन बऱ्याचदा येते. त्यावर पान अर्धंच दिसतं आणि बाजूने बघितलं तर रंग फिके पडतात.

घरातल्या गरजेप्रमाणे निवड

बीसीए किंवा इंजिनिअरिंगला असलेल्यांसाठी १४ इंच, आठवी किंवा पुढची जनरेशन, १६ जीबी रॅम, २५६ जीबी किंवा जास्त एसएसडी. कॅड शिकणाऱ्याने मोठी स्क्रीन घ्यावी. भारी थ्री-डी काम असेल तर आधी कॉलेजमध्ये विचारावं, कारण त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागू शकतं.

घरून झूमवर मुलांना शिकवणाऱ्या आपांसाठी ८ जीबी रॅम पुरते. त्यांनी कॅमेरा आणि माइक मात्र नीट तपासावा. जुन्या ऑफिस मशिनचे कॅमेरे बहुतेक साधेच असतात.

लहान भावंडांच्या शाळेसाठी बजेट फारच कमी असेल, तर सहाव्या जनरेशनचं मशिन घेऊन त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकता येतं. दोन्ही मोफत आहेत आणि त्यांना सुरक्षेचे अपडेट मिळतात. मात्र टॅली किंवा कॉलेजने सांगितलेलं खास विंडोजचं सॉफ्टवेअर त्यावर चालेलच असं नाही.

आखातातून मामू किंवा भाईजान जुना लॅपटॉप आणणार असतील, तर त्यांनाही हाच प्रोसेसर नंबर फोनवर विचारा. तिथल्या कीबोर्डवर इंग्रजीसोबत अरबी अक्षरं असतात. वापरायला त्याची अडचण होत नाही, अरबी शिकणाऱ्यांना तर सोयच होते. चार्जरची पिन वेगळी असते, वायर किंवा ॲडाप्टर बदलून काम होतं. पण तिथल्या दुकानाची वॉरंटी इथे उपयोगी पडेल हे गृहीत धरू नका.

दुकानात अर्धा तास बसा

घाई करू नका. या गोष्टी समोरच तपासा:

१. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून इंटरनेट सुरू करा. विंडोज नव्याने सेट करताना एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला, तर त्या मशिनवरचं जुन्या कंपनीचं नियंत्रण निघालेलं नाही. असा लॅपटॉप घेऊ नका.

२. बायोस उघडून दाखवायला सांगा. पासवर्ड मागत असेल तर तोही नको. बायोसमधला सीरियल नंबर आणि खालच्या स्टिकरवरचा नंबर एकच आहे का, तेही बघा.

३. विंडोजचा ‘बॅटरी रिपोर्ट’ काढायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही असतात. मूळ ४८,००० आणि आज ३०,००० दिसली, तर बॅटरी साधारण ६२ टक्के उरली आहे. नवीन बॅटरीचा खर्च धरूनच भाव ठरवा.

४. सेटिंगमध्ये विंडोज ॲक्टिव्हेट आहे का बघा. ‘क्रॅक’ केलेलं नको.

५. वर्डमध्ये प्रत्येक बटण एकदा दाबा. पांढरी आणि काळी स्क्रीन लावून डाग बघा. झाकण हळूहळू उघडून बिजागरी सैल आहे का पाहा. चार्जिंग, यूएसबी, कॅमेरा, स्पीकर तपासा.

६. वीस मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा. पंखा सतत ओरडत असेल किंवा मशिन फार तापत असेल, तर दुसरं बघा.

बिलाशिवाय बाहेर पडू नका

बिलावर मॉडेल, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी तोंडी नको, लेखी हवी. सहा महिन्यांपेक्षा कमी नको, आणि बॅटरी-चार्जर त्यात येतात का तेही लिहून घ्या. दुकानदार ओळखीचा असला तरी कागद मागण्यात गैर काही नाही. लिहिलेलं असलं की दोन्ही बाजू निश्चिंत राहतात. पुढे वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि तक्रार करताना हेच बिल कामी येतं.

पैसे कमी पडले तर आधी साइज सोडा, मग बाहेरचे ओरखडे चालवून घ्या, पण जनरेशन आणि फुल एचडी स्क्रीन सोडू नका. एसएसडी आणि, स्लॉट असेल तर, रॅम नंतर वाढवता येते, प्रोसेसर नाही.

आणि दुकानात जाताना मुलीला सोबत न्या. तपासणीची ही यादी तिच्याच हातात द्या. प्रश्न तिला विचारू द्या, बटणं तिला दाबू द्या. रोज तो लॅपटॉप तीच वापरणार आहे. आपण नेमकं काय घेतलं, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवं.