मिठाचे दुहेरी कार्य : खाऱ्या चीजचे घरगुती आइस्क्रीम

मीरा-भाईंदर परिसरातील वसईच्या खाडीलगतची मिठागरे सुपरिचित आहेत. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन ते उन्हाने आटविले म्हणजे जे जाडे मीठ मिळते, तेच पॉटमधील घरगुती आइस्क्रीमसाठी बर्फात मिसळतात. अशा आइस्क्रीममध्ये खारे चीज घातले, तर मीठ डब्याच्या बाहेरही असते आणि आतही. आतील मीठ मिश्रणास गोठू देईल काय, हा प्रश्न त्यातून उद्भवतो.

ही पाककृती नवी नव्हे. लंडनच्या फ्रेडरिक नट याने १७८९ च्या आपल्या ग्रंथात पार्मेसान चीजच्या आइस्क्रीमची कृती दिली होती. फिलिपाइन्समध्ये तर चीजचे आइस्क्रीम सर्वसामान्यांच्या आवडीचे आहे.

प्रथम बाहेरच्या मिठाचा विचार करू. बर्फावरील पाण्यात मीठ विरघळले की त्या द्रावणाचा गोठणबिंदू उतरतो व बर्फ अधिक वितळू लागतो. त्यासाठी दर ग्रॅमला लागणारी सुमारे ८० कॅलरी उष्णता डब्यातील दुधातून शोषली जाते. तीन भाग बर्फास एक भाग मीठ हे प्रमाण रूढ आहे. अशा मिश्रणाचे तापमान तत्त्वतः उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकते.

आतील मिठाचा परिणामही याच नियमाने होतो. गोठणबिंदू विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतो. मिठाचे रेणू लहान असून पाण्यात त्यांचे दोन आयन होतात. म्हणून १ ग्रॅम मीठ सुमारे १२ ग्रॅम साखरेइतका गोठणबिंदू उतरविते. एक लिटर दुधात १६० ग्रॅम साखर व २ ग्रॅम मीठ असलेले १०० ग्रॅम चीज घातले, असे समजू. साखरेमुळे गोठणबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. मिठामुळे त्यात जेमतेम सातव्या हिश्श्याची भर पडते. साखर २० ते २५ ग्रॅमने कमी केल्यास तीही भरून निघते.

तात्पर्य, चीजमधील मीठ हा अडथळा नव्हे. खरा धोका बाहेरच्या खाऱ्या पाण्याचा आहे. त्याचा एक मोठा चमचा डब्यात शिरला, तरी सुमारे ४ ग्रॅम मीठ, म्हणजे चीजमधील मिठाच्या दुप्पट, आत जाते. यास्तव बर्फाची पातळी झाकणाच्या खाली राखावी व झाकण उघडण्यापूर्वी ते पुसून घ्यावे.