समुद्राला पडलेला केवडा



मागच्या वर्षी आमच्या खोडव्याला केवडा पडला. शिरा हिरव्या, मधली पाने पिवळी आणि शेंडा तर पार पांढरट. आम्ही काय केले? सगळे करतात तेच. युरिया कमी पडला असेल म्हणून आणखी दोन पोती टाकली. ऊस काही हिरवा होईना. शेजारचे आप्पा बांधावरून म्हणाले, "अहो, ताटात भाकरीची चवड हाय, पण कालवणात मीठच न्हाई. आणखी भाकरी वाढून काय उपेग?" मग माती तपासून घेतली. जमीन चुनखडीची. नत्र भरपूर होते. लोहसुद्धा होते, पण चुन्याने धरून ठेवलेले. मुळांना ते मिळतच नव्हते. हिराकशीची फवारणी केली तेव्हा कुठे नवीन पान हिरवे निघाले. तोवर वाढीचा दीड महिना गेला, तो गेलाच.

आमची ही फजिती सांगण्याचे कारण असे, की नेमका हाच रोग समुद्रालाही आहे, आणि त्यावर जो मोठा प्रयोग झाला त्यात गोव्याच्या शास्त्रज्ञांनी हीच हिराकस वापरली. ऊसवाल्याने समुद्राची उठाठेव कशाला करावी, असे कोणी म्हणेल. त्यांनी आधी वाचावे, मग म्हणावे.

समुद्रातही पीक असते. त्याला वनस्पती प्लवक म्हणतात. नुसत्या डोळ्यांना एकेकटी दिसणार नाहीत अशा, पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशी वनस्पती त्या. उन्हाच्या जोरावर पृथ्वीवर जेवढे अन्न तयार होते, त्यातले जवळजवळ निम्मे हे बारीक जीव तयार करतात. बांगडा असो की तारली, समुद्रातली बहुतेक मासळी शेवटी याच चाऱ्यावर जगते. या पिकालाही नत्र लागते, स्फुरद लागते. पण अडचण अशी, की ऊन असते वरच्या थरात आणि खत असते खोलात. मेलेले जीव खाली बुडतात, अंधारात कुजतात आणि त्यांचे खत तिथेच साठते. म्हणजे ऊन शेतावर आणि खताची पोती विहिरीच्या तळाशी! म्हणून जिथे खालचे गार पाणी वर येते, तिथे समुद्र चांगला पिकतो. आपल्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः केरळ आणि दक्षिण कर्नाटकाच्या बाजूला, पावसाळ्यात असे पाणी वर येते.

आता खरी गंमत पुढेच आहे. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नत्र आणि स्फुरद अगदी वरच्या पाण्यातही भरपूर असते. तरीही बऱ्याच ठिकाणी पीक विरळच. असे का, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने अलास्काजवळच्या अशाच पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून त्यांत अगदी कणभर लोह घातले, तर प्लवक जोमाने वाढले. हे त्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. लोहाशिवाय हरितद्रव्य बनत नाही आणि पाण्यातले नायट्रेटही वापरता येत नाही. लोह येते ते जमिनीवरून वाऱ्याने उडालेल्या धुळीतून, आणि तो महासागर वाळवंटांपासून फार लांब. शिवाय समुद्राच्या पाण्यात लोह विरघळून राहत नाही, गंजून तळाला जाते. आमच्या चुनखडीचाच भाऊ म्हणा ना! मार्टिन १९९३ मध्ये वारले. त्यानंतर काही महिन्यांतच गॅलापागोस बेटांजवळ खुल्या समुद्रात लोह टाकून पाहिले गेले. १९९५ मध्ये पुन्हा टाकले, तेव्हा तर पाणी चक्क हिरवे झाले.

मग काय, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून समुद्राच्या तळाशी गाडण्याचा स्वस्त उपाय सापडला, असा गाजावाजा सुरू झाला. खत टाका आणि मोकळे व्हा! ही भाषा आपल्या ओळखीची आहे.

२००९ च्या जानेवारीत 'पोलारश्टर्न' हे जर्मन जहाज केपटाऊनहून निघाले. त्यावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे शास्त्रज्ञ होते. नेतृत्व वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक यांचे. प्रयोगाचे नाव 'लोहाफेक्स'. त्यातला 'लोहा' आपलाच. समुद्रात खते ओतू नका म्हणून पर्यावरणवाद्यांनी आरडाओरड केली, जर्मन सरकारने काही दिवस काम थांबवले, मग परवानगी मिळाली. दक्षिण अटलांटिकातला एक मोठा भोवरा निवडून त्यात दोन वेळा, दर वेळी २ टन लोह हिराकशीच्या रूपात सोडले. क्षेत्र सुमारे ३०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास ७४ हजार एकर. आम्ही हिशेब करून पाहिला, एका वेळी एकरी २७ ग्रॅम लोह पडले. तेवढ्यावरसुद्धा पहिल्या दोन आठवड्यांत प्लवक दुप्पट झाले.

आणि मग गाडी अडली.

प्लवकांत डायाटम नावाची एक जात आहे. ती स्वतःभोवती काचेसारखी डबी बांधते. ही डबी जड, म्हणून ती कार्बन घेऊन लवकर तळाला जाते, आणि खाणाऱ्यालाही तिचा त्रास होतो. पण डबी बांधायला सिलिका लागते. तीच सिलिका, जिच्यामुळे उसाच्या पाल्याची धार तोडणीवाल्याचे हात कापते. त्या भोवऱ्यातली सिलिका आधीच्या पिकांनी संपवून टाकली होती. लोह मिळाले तरी डायाटम वाढेनात. वाढले ते बिनडबीचे मऊ प्लवक. त्यावर कोपेपॉड नावाचे, तांदळाच्या कणीएवढे जीव तुटून पडले. जनावरे सोडावीत तसे त्यांनी रान फस्त केले. कोपेपॉडांना कोळंबीसारखे दुसरे जीव खाऊ लागले. ३९ दिवस नजर ठेवली; तळाकडे जाणारा कार्बन काही वाढला नाही.

आप्पांना हे सारे सांगितले तर ते म्हणाले, "म्हंजे पैसा पाण्यात गेला म्हणा की!" आम्हांला तसे वाटत नाही. एक उणीव भरली की तिच्या मागे दुसरी उभी असते, हे समुद्राने त्यांना दाखवले. ते कळायला लोह टाकूनच पाहावे लागले.

त्या रात्री आम्ही आमच्या मातीचा तपासणी अहवाल पुन्हा काढला. सामू, नत्र, स्फुरद, पालाश, लोह, जस्त असे सगळे रकाने होते. सिलिकाचा रकानाच नव्हता.